ह्या खंयचा?

समीर, अश्विनी आणि मी, आम्ही तिघं बाहेरचे आवाज रेकॉर्ड करतो आणि समीर ते एकत्र गुंफतो. काल रात्री आईला आमचा नवा तुकडा ऐकवला. हेडफोन तिला सहन होत नाही, म्हणून फोन तसाच उशीजवळ ठेवला. डोळे मिटून तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘‘शीळ घालता तो पक्षी आपल्याकडचो. पण ह्या खंयचा गो?’’ म्हणजे, हे सगळं कुठलं?

तो पक्षी मी रेकॉर्ड केलाय तिच्याच माहेरच्या मागच्या व्हाळाकाठी, ओढ्याकाठी. लहानपणी ती त्यात डुंबलीय. मी काही बोलले नाही. दिवा मालवला, आणि तेव्हापासून हेच घोळतंय.

समीरने मिक्स वाईट केलंय का? मुळीच नाही. फार सुंदर झालंय. तळाशी तानपुऱ्याचा षड्ज इतका ताणलाय की तारेवरचं बोट कुठे कळतच नाही. त्यावर अश्विनीने व्हँकूव्हरहून पाठवलेल्या लाटा, मग माझे बेडूक, आणि सगळ्यांच्या वर कस्तूर पक्ष्याची शीळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता. पण बेडूक रात्रीचे आहेत आणि कस्तूर पहाटेचा. बेडूक पहिल्या पावसातले, कस्तूर भर आषाढातला. समुद्र तर पॅसिफिक. आई ज्या जागेचं नाव विचारत होती, ती जागा कुठेच नाही.

बरं, ते साधेसुधे बेडूक नाहीत. आंबोली टोड आहेत. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, पहिल्या पावसाचं पाणी साचलं की थोडेच दिवस नर ओरडतात, त्या उथळ पाण्यात अंडी घातली जातात, आणि मग पुढच्या पावसापर्यंत तो आवाज नाही. वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली ती २००९ मध्ये. आंबोलीच्या आसपासचा एवढासा टापू सोडला तर जगात तो नाही. इतक्या थोड्या जागेचा आणि इतक्या थोड्या दिवसांचा आवाज. तो ‘कुठला’ हे पुसलं गेलं तर त्याचं काय राहिलं?

आणि माझं काय राहिलं, हेही मनात येतंच. छत्री धरता येत नाही, तिच्यावरचा पाऊसच सगळा रेकॉर्ड होतो. माइकवर वारा अडवणारी केसाळ टोपी, टोपीवर कापड, आणि आपण शेजारी श्वास रोखून उभं. पायाला जळवा लागलेल्या कळतात, पण हलायचं नाही, हललं की चिखल बोलतो. एवढं करून आणलेलं रेकॉर्डिंग, आणि त्यातले निम्मे आवाज मिक्स करताना फिल्टरच्या चाळणीतून काढून टाकलेले. अश्विनीच्या लाटा मात्र पूर्ण लांबीच्या ठेवल्यात. ते जाऊ दे.

अमेरिकेतल्या बर्नी क्राउझने आयुष्यभर जंगलं रेकॉर्ड केली. त्याचं म्हणणं असं की शाबूत रानात प्रत्येक प्राण्याची आपली पट्टी असते आणि आपली वेळ असते, एकाचा आवाज दुसऱ्याखाली दबत नाही. १९८८ मध्ये त्याने सिएरा नेवाडातलं लिंकन मेडो रेकॉर्ड केलं. नंतर तिथे निवडक झाडं तोडली गेली. वर्षभराने तो परत गेला तर डोळ्यांना फरक दिसत नव्हता, कानांना मात्र ते कुरण ओस पडलेलं कळत होतं. मला हे वाचल्यावर आपले रागसमय, रागांच्या ठरलेल्या वेळा, आठवले होते. भटियार पहाटेचा, मारवा दिवस बुडतानाचा. बेडकाचीही वेळ असते, कस्तुराचीही असते. अजून उजाडायचं असतं तेव्हाच तो व्हाळाकाठी सुरू होतो.

हे सगळं आज दुपारी समीरला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतो, तेच जास्त त्रासदायक. मग म्हणाला, ‘‘तू एसटीत बसून भर दुपारी भटियार ऐकतेस. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आली आणि उत्तररात्रीचे, पहाटेचे राग मंचावर दुर्मीळ झाले. ज्यांनी ते पुढे कधी ऐकले ते रेकॉर्डिंगमधूनच, नको त्या वेळी. ते खोटं ऐकले का?’’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. पण माझ्या सीडीच्या मागे रागाचं नाव असतं ना. भटियार आहे हे माहीत असतं, म्हणूनच एसटीतही मी मनाने पहाटेत जाते.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना हिल्डेगार्ड वेस्टरकँप आठवली, रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून रचना करणारी संगीतकार. तीही व्हँकूव्हरची. १९८९ मधल्या तिच्या एका रचनेत समुद्रकिनाऱ्यावरचे बारीकसारीक आवाज आहेत आणि मागे शहराची घरघर. ती स्वतः मध्ये बोलते. आपण स्टुडिओत आहोत, शहर गाळून टाकू शकतो, असं सांगते आणि ऐकणाऱ्याच्या समोर ते गाळते. त्यानंतर ती जिथे नेते तिथे मी निःशंक जाते. मला तिची जागा खोटी कधी वाटलीच नाही.

तेव्हा एकदम हलकं वाटलं. आपण तिघंही प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला हळू आवाजात बोलतो: जागा, वेळ, पाऊस आहे की नाही. समीर मिक्स करताना ते पहिलं कापतो, सगळेच कापतात. तेच ठेवायचं. ‘आंबोली, सड्यावर, रात्र, पाऊस थांबलाय,’ आणि बेडूक. मग अश्विनीचा आवाज, तिच्या किनाऱ्याचं नाव, आणि लाटा. मग पुन्हा मी, व्हाळाकाठी, पहाटे. षड्ज खुशाल खाली चालू दे, रात्र आणि पहाट एकात एक मिसळू दे. आईला एवढं तरी कळेल की हा तिचा व्हाळ आहे आणि त्याला पाहुणा आलाय.

मूळ फाइली पुन्हा पाठवल्यात, न कापलेल्या. तासाभराचं रेकॉर्डिंग म्हणजे जवळजवळ एक जीबी, आणि आमच्याकडचं नेट. समीरचं म्हणणं, मध्येच माणूस बोललं की तंद्री मोडते. मोडेल, खरंय. एकदा तसं करून बघू म्हणाला, तेही मनापासून. लाटा थोड्या कमी कर, हे सांगायचं राहिलंच. उद्या सांगेन. अश्विनी फोनवर असतानाच सांगेन.