आजींची चप्पल

या महिन्यात परत तीन इंटर्न आल्यात माझ्याकडे, बीएनवायएसच्या, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीच्या. साडेचार वर्षं कॉलेज आणि मग एक वर्ष इंटर्नशिप, त्यातले काही आठवडे माझ्या ओपीडीत. दोघी उजिरेला शिकलेल्या, तिथलं कॉलेज 1989 पासूनचं आहे आणि आपल्याकडची बरीच मुलं अजून कर्नाटकातच जातात हे शिकायला. हुशार आहेत पोरी. कटिस्नान कुणाला द्यायचं, एनिमा कुणाला द्यायचा नाही, सगळं तोंडपाठ.

पण माझ्याकडे पहिला आठवडा पेशंटला काही विचारायचं नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसायचं, वही घ्यायची आणि पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात काय दिसलं ते लिहायचं, बास. आजाराचं नाव लिहायचं नाही. "संधिवात असावा" असं लिहिलं की मी खोडते, "बसताना दोन्ही हात टेकवले" हे चालतं. आणि पेशंटला आधी विचारायचं की या मुली बसल्या तर चालेल का, नको म्हणाले की मुकाट्याने बाहेर.

ही सवय मी का लावते तर मी स्वतः इंटर्न असताना, जागेचं नाव घेत नाही, एका काकांना गरम पादस्नान दिलेलं. शुगर होती त्यांना, केसपेपरवर लिहिलेलंही होतं. मी दर दोन मिनिटांनी विचारत होते, काका फार गरम नाही ना, आणि ते म्हणत होते छे, अजून घाला थोडं. मी घातलं. संध्याकाळी तळव्याला हा एवढा फोड. डायबेटीसमध्ये पायाच्या नसा गेल्या की चटका कळतच नाही, म्हणजे मी विचारत होते ते ज्या पायांना सांगता येत नव्हतं त्यांनाच. ती जखम भरायला किती दिवस लागले ते मी रोज जाऊन बघत होते, अजून डोळ्यासमोर येतं.

तर परवाच्या मंगळवारची गोष्ट. एक आजी आल्या, 68 वर्षांच्या, शुगर चौदा वर्षं, गुडघे दुखतात आणि झोप नाही. शेजारणीला गरम पाण्यात पाय ठेवून बरं वाटलेलं म्हणून यांनाही तेच हवं होतं. पायाचं काही दुखणं? नाही हो, पाय ठणठणीत. मी बीपी घेतलं, गोळ्यांची चिठ्ठी वाचली आणि पाय तपासायला स्टूल पुढे ओढणार तेवढ्यात तिघींतली सगळ्यात कमी बोलणारी जी आहे तिने वही माझ्यापुढे सरकवली. एकच ओळ. "डावी चप्पल दाराशीच राहिली, आजींना कळलं नाही."

मी वळून बघितलं तर खरंच, उंबऱ्यापाशी एक चप्पल पडलेली आणि आजी एका पायात चप्पल घालून निवांत बसलेल्या. मी केसपेपरात डोकं घालून होते, मला दिसलंच नव्हतं!

मग तिलाच म्हटलं, तू तपास. आजींना डोळे मिटायला सांगितले आणि तिने मोनोफिलामेंटचा, म्हणजे स्पर्श कळतो का ते बघायचा, तो नायलॉनचा दोरा तळव्यावर एकेक ठिकाणी टेकवला. डाव्या पायाच्या दहा जागांपैकी तीनच कळल्या. मी विचारलं, आजी, चालताना कसं वाटतं? तर म्हणाल्या, "कापसावर चालल्यासारखं वाटतं गं, वर्ष झालं असेल. पण दुखत नाही ना, म्हणून नाही सांगितलं."

पुस्तकात न्यूरोपथी (नसांचा आजार) असते, आपल्या आज्यांकडे कापूस असतो, मुंग्या असतात, तळव्यांची आग असते. मुलींना हे शब्द कानाने ऐकल्याशिवाय येत नाहीत, मराठी घरातल्या असल्या तरी.

गरम पादस्नान अर्थातच रद्द. गुडघ्याला हलक्या हाताने तेल, खुर्चीत बसून करायची आसनं आणि त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी. उपास करू का असंही विचारत होत्या, इन्सुलिन चालू असताना तो आमच्या दोघांच्या देखरेखीशिवाय अजिबात नाही, हे दोनदा सांगितलं.

निघताना ती पोरगी दाराशी खाली बसली, आजींच्या पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "आजी, मागे पट्टा असलेली सॅंडल घ्या आता. आणि रोज रात्री मुलाला तळवे बघायला सांगा, तुम्हाला कळणार नाही."