‘रविवारीही’: रॉबर्ट हेडन यांच्याविषयी

अमेरिकन कवी रॉबर्ट हेडन यांची ‘दोज विंटर संडेज’ ही अवघ्या चौदा ओळींची कविता आहे. हिवाळ्यातल्या रविवारीही वडील पहाटे लवकर उठत, असे ती सुरुवातीलाच सांगते, आणि त्यातला ‘ही’ मला अनेक वर्षे सोडत नाही. उरलेल्या सहा दिवसांच्या कष्टांविषयी कवीला वेगळे काही सांगावे लागत नाही, कारण ते सारे त्या एका अक्षरात येऊन बसलेले आहे. कामाने भेगाळलेल्या हातांनी वडील शेगडी पेटवतात, घर उबदार झाल्यावर मुलाला हाक मारतात, त्याचे चांगले बूटही पुसून ठेवतात. आणि मुलगा त्या घरातल्या जुनाट संतापाला भीत भीत उठतो, वडिलांशी तुटकपणे बोलतो. त्यांचे आभार कोणीच मानत नाही.

हे घर डेट्रॉइट शहरातल्या पॅरडाइज व्हॅली या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतले. हेडन यांचा जन्म ४ ऑगस्ट १९१३ रोजी झाला, तेव्हा त्यांचे नाव आसा बंडी शेफी असे होते. आईवडील विभक्त झाल्यामुळे शेजारच्या विल्यम आणि स्यू एलन हेडन या दांपत्याने त्यांना वाढवले आणि आपले नाव दिले. प्रेम होते, पण भांडणे आणि मारही होता. दृष्टी अतिशय अधू असल्याने मैदानी खेळ त्यांना जमत नसत. जाड भिंगांचा चष्मा लावून ते पुस्तकांत रमले. आपण कायद्याने कधी दत्तक गेलोच नव्हतो, हे त्यांना चाळिशीत कळले. ज्यांना बाप म्हणून त्यांनी ही कविता लिहिली, ते विल्यम हेडन कागदोपत्री त्यांचे कोणीच नव्हते, हे लक्षात आल्यापासून मला ती आणखी जड वाटू लागली आहे.

मंदीच्या काळात त्यांनी फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या लेखकांना काम देणाऱ्या सरकारी योजनेत काम केले आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास धुंडाळला. पुढे मिशिगन विद्यापीठात प्रसिद्ध इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन त्यांना शिक्षक म्हणून लाभले. इतिहासाच्या त्या अभ्यासातून ‘मिडल पॅसेज’ ही गुलामांच्या जहाजांवरची दीर्घ कविता आकाराला आली. १८३९ साली आमिस्टाड या जहाजावर बंदी आफ्रिकनांनी केलेला उठाव तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि तिच्यातला बराच भाग गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्याच तोंडून येतो. अत्याचार करणाऱ्याच्या रोजनिशीतून आणि जबानीतून अत्याचार वाचकासमोर उभा करण्याचे हे धाडस मला आजही थक्क करते.

१९४६ पासून त्यांनी नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात तेवीस वर्षे अध्यापन केले. फिस्क ही कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली नामवंत संस्था. पण तासांचा भार मोठा होता, वेतन बेताचे होते आणि लेखनासाठी उरलेल्या वेळावरच भागवावे लागत असे. त्यांचे संग्रह लहान प्रकाशकांकडून निघत राहिले आणि वाचकवर्ग फार हळू वाढला.

१९६६ साल त्यांच्यासाठी विलक्षण ठरले. सेनेगलमधल्या डकार येथे भरलेल्या कृष्णवर्णीय कलांच्या पहिल्या जागतिक महोत्सवात त्यांच्या ‘अ बॅलड ऑफ रिमेंबरन्स’ या संग्रहाला काव्याचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी फिस्कमध्येच भरलेल्या लेखक संमेलनात मात्र तरुण लेखकांनी त्यांना कठोर शब्दांत धारेवर धरले. आपण कृष्णवर्णीय आहोत, पण कवितेची पारख कविता म्हणून व्हावी, ‘कृष्णवर्णीय कवी’ अशा वेगळ्या रांगेत आपल्याला बसवू नये, ही हेडन यांची भूमिका होती. माणूसजात एक आहे असे मानणाऱ्या बहाई धर्माचा त्यांनी केलेला स्वीकारही तिच्यामागे होता. दलित साहित्याच्या निमित्ताने लेखकाच्या ओळखीविषयीचा वाद ऐकलेल्या मराठी वाचकाला ही ठिणगी परकी वाटणार नाही. त्या तरुणांचा संताप मी समजू शकतो, कारण नागरी हक्कांच्या लढ्यात रस्त्यावर माणसे मार खात होती. तरीही गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावरचे सुनीत आणि ‘मिडल पॅसेज’ लिहिणाऱ्या माणसाने आपल्या समाजाकडे पाठ फिरवली, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. त्यांनी आपले म्हणणे बदलले नाही आणि त्याची किंमत एकट्याने सोसली.

१९६९ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. १९७६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या काव्य सल्लागारपदी त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेले ते पहिले आफ्रिकन अमेरिकन कवी. हेच पद पुढे राजकवीपद म्हणून ओळखले जाऊ लागले.

पुन्हा त्या कवितेकडे येतो. तिच्या शेवटच्या ओळीत प्रेमाच्या कर्तव्यांसाठी हेडन यांनी असा शब्द योजला आहे, ज्याला नेमून दिलेले काम आणि ठरल्या वेळी करायची प्रार्थना असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मला त्याच्या जवळ जाणारा एकच शब्द सापडतो, नित्यकर्म. शेगडी पेटवणे आणि बूट पुसणे हे त्या बापाचे नित्यकर्म होते, आणि ते ओळखायला मुलाला अर्धे आयुष्य लागले.

२४ फेब्रुवारी १९८० रोजी मिशिगन विद्यापीठात हेडन यांच्या गौरवाचा समारंभ झाला. कर्करोगाने खंगलेले हेडन त्याला जाऊ शकले नाहीत, म्हणून काही स्नेही त्यांना भेटायला घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.