ग्वाल्हेरचा उन्हाळा, खारीचं पिल्लू आणि पाणी

आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, एप्रिल लागला की घरोघर कूलर उघडतात आणि जुनी घास (जाळीत भरलेलं वाळकं गवत) बदलताना कुणाकडे तरी खारीचं घरटं निघतंच. सहा-आठ महिने बंद पडलेला लोखंडी डबा, आत अंधार, मऊ घास, मांजराचा पंजा पोहोचत नाही. खारीला आणखी काय हवं? गेल्या वर्षी शेजारच्या काकूंकडे मिस्त्रीने जाळी काढली आणि ओरडला, "भाभीजी, इसमें तो बच्चे हैं!" तीन होती. डोळे मिटलेली, अंगावर जेमतेम लव.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे पिल्लं आईला परत मिळू देणं. तीच घास चपलांच्या खोक्यात घालून पिल्लं तिच्यात ठेवली, खोकं त्याच खिडकीच्या कठड्यावर सावलीत ठेवलं आणि सगळे आत गेलो. आई आली. एक पिल्लू तोंडात धरून कडुनिंबावर गेली, बऱ्याच वेळाने दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी मात्र आली नाही. खार दिवसाचा प्राणी, अंधार पडल्यावर ती फिरकत नाही. म्हणून सूर्य मावळेपर्यंत वाट पाहिली आणि पिल्लू घरी आणलं.

बाहेर भिंती तापलेल्या होत्या, तरी पिल्लू हाताला गार लागत होतं. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच उभी राहिली. तोंड आतून चिकट, पोट खपाटीला. दिवसभर आईचं दूध नाही आणि वर लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, एप्रिलही काही कमी नसतो. अंगातलं पाणी संपत आलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी एका वाक्यात सगळा क्रम सांगितला: "पहले गरमी, फिर पानी, दूध सबसे बाद में."

पिल्लू गार असताना पोटात काहीही घालायचं नाही, कारण गार शरीरात पचन चालत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, म्हणजे ऊब जास्त झाली तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. अंग उबदार लागायला लागल्यावर ओआरएस. पुडी पूर्ण एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात घालायची. अर्धी पुडी अंदाजाने कपभर पाण्यात घातली तर मीठ जास्त होतं आणि अंगातलं उरलंसुरलं पाणीही खेचलं जातं. सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज घ्यायची आणि एक थेंब ओठांवर ठेवायचा. तो चाटून झाला की दुसरा. पिल्लू पालथं, डोकं किंचित वर. बाळाला पाजतो तसं उताणं धरायचं नाही, पाणी फुप्फुसात जातं. नाकातून बुडबुडा दिसला की लगेच थांबायचं.

भाच्याकडे दागिने तोलायचा छोटा काटा होता. पिल्लू २० ग्रॅमच्या आसपास भरलं. एवढ्याशा जिवाच्या पोटात एका वेळी साधारण १ मिलिलिटर मावतं, म्हणजे ती सिरिंज एकदाच भरेल तेवढं. पहिल्या रात्री तेवढंही गेलं नाही. सकाळी डॉक्टरांनी खांद्याच्या कातडीखाली थोडं रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनसारखं क्षारांचं पाणी, सोडलं. तिथे लहानसा फुगा आला आणि हळूहळू जिरला. हे घरी करून बघायचं काम नाही.

खारीच्या पिल्लाला आपोआप लघवी होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आपण ओलसर कापूस हलकेच फिरवायचा. पहिला थेंब आला तो गडद, जवळजवळ तपकिरी. पुढे रंग फिका होत गेला तसा माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर रोज मी वजनाआधी तो रंग बघत असे. पिल्लाच्या अंगात पाणी पुरेसं आहे की नाही, हे सांगणारी त्याहून सोपी खूण नाही.

सासूबाईंचा जीव तुटत होता. "अगं, गाईचं दूध घाल ना चमचाभर. नुसत्या पाण्यावर कसं जगेल ते?" त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. गाईच्या दुधातली साखर या पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात आणि जुलाबावाटे पुन्हा पाणीच जातं. बहुतेक पिल्लं मायेने पाजलेल्या दुधानेच दगावतात, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांना पटलं. आम्ही कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणली. आधी ओआरएसमध्ये अगदी पातळ, मग थोडी दाट, मग पूर्ण. दर दोन-तीन तासांनी, सुरुवातीला रात्रीसुद्धा. सासूबाईंनी पहाटेची पाळी स्वतःहून घेतली.

भाच्याला नाव ठेवायचं होतं, मी ठेवू दिलं नाही. खार वन्यप्राणी आहे, वनखात्याला कळवलेलं होतं आणि ती सोडायचीच हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आणि सोडायची म्हटल्यावर मला खरी काळजी लागली ती पाण्याची. घरात सिरिंज आहे. बाहेर जूनच्या उन्हात हिला पाणी कोण देणार? ती ते शोधणार कुठे?

डोळे उघडले, दात आले, कुरतडणं सुरू झालं, तसं पिंजऱ्यात बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं. तिने ते हुंगलं आणि सोडून दिलं. काकडीची चकती मात्र दोन्ही हातांत धरून संपवली. मला वाटलं पाणी आवडत नसेल. मग लक्षात आलं की काकडीत शंभरातले ९५ भाग पाणीच असतं. ती पाणीच पीत होती.

तेव्हापासून मी अंगणातल्या खारींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आमच्या वाड्यामागे कडुनिंब, पिंपळ आणि एक जुना उंबर आहे. सकाळी गच्चीच्या जिन्यात बसलं की सगळं दिसतं. आमच्या या पाच पट्ट्यांच्या खारी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत पोट भरतात, मग दाट फांद्यांत गडप होतात. कधी फांदीवर पोट टेकून, चारही पाय पसरून पडलेल्या दिसतात. आजारी नसतात त्या. खारीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पोटावर केस विरळ, ते गार फांदीला टेकवलं की उष्णता निघून जाते आणि पाण्याचा थेंबही खर्च होत नाही. पाणी शोधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच असलेलं न घालवणं. त्यांची लघवी थोडी आणि दाट असते, लेंड्या कोरड्या.

बरं, खातात काय? तर उन्हाळ्यात जे जे रसाळ, ते ते आधी. फाल्गुनात पळसाच्या आणि सावरीच्या फुलांतला मध, मग तुती, पिंपळाची फळं, कोवळे कोंब, अळ्या-किडे (त्यांतही पाणी असतंच), कैऱ्या, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त उंबरं. कैरी अर्धी कुरतडून टाकली म्हणून लोक चिडतात. मला वाटतं, भर मे महिन्यात तो घास भुकेइतकाच तहानेचाही असतो. ठिबकच्या नळ्या खारी कुरतडतात ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे, ती याच दिवसांत वाढत असेल तर नवल नाही.

थंडीत त्यांना तेवढी ओढाताण नसते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे धुकं आणि दव भरपूर, पानं ओलीचिंब असतात. सकाळी खारी ती चाटताना दिसतात. शिवाय कोरडं अन्न खाल्लं तरी ते शरीरात जळताना थोडं पाणी तयार होतं. एक ग्रॅम चरबी जळली की एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी निघतं. पण उन्हाळ्यात श्वासावाटे जे जातं त्यापुढे ही मिळकत तोकडी पडते. म्हणूनच गच्चीवर नुसते शेंगदाणे किंवा चणे टाकून जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की शेजारी पाणीही ठेवा. दाण्यात पाणी शंभरात पाच-सहा भाग, धान्यात दहा-बारा. वर प्रथिनं पचल्यावर उरलेला युरिया बाहेर टाकायलाही पाणीच लागतं.

उघडं पाणी त्या पितात ते कुठे? कूलरच्या ओल्या जाळीवर, गळक्या नळाखाली, तुळशीला पाणी घातल्यावर वृंदावनाच्या कठड्यावर साचतं तिथे, टँकर रिकामा होताना रस्त्यावरच्या खळग्यात. म्हणजे जवळजवळ सगळं माणसांच्या हातून सांडलेलं. लष्करला पाणी येतं ते तिघऱ्याहून, १९१६ साली सांक नदीवर बांधलेल्या धरणातून, आणि उन्हाळ्यात नळ बऱ्याचदा दिवसाआड येतो. ज्या दिवशी नळ नाही त्या दिवशी गळकी तोटीही कोरडी आणि अंगणही कोरडं. त्या दिवशी खारी उंबरावर जास्त वेळ असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. नळाच्या आणि बिननळाच्या दिवसांतला हा फरक दिसल्यावर गच्चीवर कायमचं पाणी ठेवायचं ठरवलं.

मातीचे पसरट सकोरे आणले, खोली दोन बोटं. मधे एक चपटा दगड, म्हणजे पिल्लू किंवा मधमाशी पडली तरी वर येता येईल. जागा ठरवायला मला वेळ लागला. झाडाच्या फांदीपासून एका उडीवर हवी, सावली हवी आणि मांजराला दबा धरायला आडोसा नको. शेवटी उंबराच्या बाजूच्या कठड्यावर ठेवले. रोज सकाळी नारळाच्या शेंडीने घासून ताजं पाणी. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि पक्ष्यांची घाण पडते ती वेगळीच. त्यात साखर, मीठ, ओआरएस काही घालायचं नाही. ओआरएस त्या पहिल्या रात्रीचं औषध होतं. धडधाकट प्राण्याला साधं पाणी लागतं.

याच काळात गल्लीतल्या एका बांधकामावर सिमेंटच्या हौदात मेलेली खार दिसली. खारीला थोडंफार पोहता येतं, पण गुळगुळीत भिंतीवर नखं रुतत नाहीत. पाण्यापर्यंत ती उतरू शकते, वर येऊ शकत नाही. उपाय अगदी साधा: काथ्याचा जाड दोर एका टोकाला बांधून हौदात सोडायचा, किंवा गोणपाट लोंबत ठेवायचं. प्लास्टिकच्या ड्रमला झाकण, आणि झाकण नसेल तर आत एक खडबडीत काठी. उघड्या टाक्यांचा विचार न करता नुसते सकोरे मांडण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. पिंजरा गच्चीवर उंबराच्या सावलीत नेला. आत उंबराच्या फळांसकट फांद्या, पिंपळाची कोवळी पानं, सकोरा तोच जो बाहेर होता. दूध बंद. काकडी हळूहळू कमी केली, कारण बाहेर तिला कापलेली काकडी कुणी देणार नव्हतं. पहिल्यांदा ती सकोऱ्यावर वाकून पाणी प्यायली ती दुपारी, दाणे खाल्ल्यानंतर. उंबरं खाल्लेल्या दिवशी पाण्याकडे बघायचीही नाही. तेव्हा मला धीर आला. कधी पाणी हवं आणि कधी नको, हे तिचं तिला कळत होतं.

सोडायला जूनची अखेर निवडली ती मुद्दाम. आमच्याकडे पाऊस त्याच सुमारास येतो, निंबोळ्या पिकतात, जांभळं येतात. नवख्या खारीला पाणी शोधायची वणवण सगळ्यात कमी असते ती तेव्हा. पिंजऱ्याचं दार सकाळी उघडायचं, संध्याकाळी ती आली तर लावायचं. आधी ती कठड्यापर्यंत जाऊन परत येई. मग उंबराच्या पहिल्या फांदीपर्यंत. मग रात्रीही येईना. सासूबाई रोज पहाटे बघून येत आणि सांगत, "सकोऱ्याजवळ ताजी लेंडी आहे गं, आहे ती इथेच." तिचीच की दुसऱ्या कुणाची, मी विचारलं नाही.

श्रावणात सकोऱ्यांना कुणी तोंड लावत नाही, तेव्हा ते पालथे घालून ठेवते, म्हणजे डास होत नाहीत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा मांडायचे, आणि होळीनंतर एकही दिवस चुकवायचा नाही. गल्लीच्या टोकाला नवं बांधकाम सुरू झालंय. तिथल्या चौकीदाराशी बोलणं झालंय, उद्या त्यांच्या हौदात दोर बांधून येणार आहे.