केडगावला, भक्तीची वेळ नसताना

बुधवार होता म्हणून दौंडच्या गाडीत खिडकी मिळाली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव; बाहेर ऊस, मधेच एखादं गुऱ्हाळ. पिशवीत डबा आणि पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष'.

मी जन्मापासून ख्रिस्ती. सातव्या वर्षापासून मंडळीच्या गायनात आहे आणि गेली 11 वर्षं आमच्या चर्चचा साउंड माझ्याकडे आहे. गेल्या नाताळाआधी तीन आठवडे आम्ही बैठकाच घेत होतो. नवा कीबोर्ड, गाणाऱ्यांचे एकसारखे कपडे, कोणाच्या माइकचा आवाज कमी येतो. 25 तारखेची भक्ती फार छान झाली. जेवताना आईने सहज विचारलं, "उपदेश कशावर होता रे?" मला सांगता आलं नाही. रात्री अंथरुणावर लक्षात आलं, की त्या दोन तासांत मी एकदाही प्रार्थना केली नव्हती. ते मनातून जाईना, म्हणून रमाबाईंच्या केडगावच्या मिशनची ही वाट धरली.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. 'साक्षी'त त्या सांगतात, की आठ वर्षांनंतर त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती बाई हे उघडपणे लिहिते. यवत येईपर्यंत मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो.

त्याच पुस्तकात फुलहॅमची हकिकत आहे. लंडनच्या त्या भागात, समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, हा तिचा प्रश्न. आणि "आत्म्याने व खरेपणाने" हे प्रभूचं उत्तर. मी हा अध्याय किती वेळा ऐकलाय! पण खरी उपासना म्हणजे काय, हे प्रभूने मंदिरातल्या शास्त्र्याला सांगितलं नाही, गाव जिला नावं ठेवत असेल अशा बाईला सांगितलं, हे मला गाडीत बसून पहिल्यांदा दिसलं.

केडगाव स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "बेट का मिशन?" बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तस्थान. मी मिशन म्हणालो.

रमाबाईंचे आईवडील 1870च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. 1896-97ला पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि इथे त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. 1905 साली या मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. हा कसला गोंगाट, असं काही मिशनऱ्यांना वाटलं. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. देवाने या लोकांना जसं घडवलंय तसंच त्यांना भजू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्या इथे सगळ्यांत मोठ्या वाटतात.

चर्च भलंमोठं आहे. भक्तीची वेळ नव्हती, आत कोणी नव्हतं. थोडा वेळ बसलो, पण डोक्यात हिशेब सुरू झाला, इथे स्पीकर कुठे लावावे लागतील. उठून बाहेर आलो.

सावलीत एक आजी सुपात मसुराची डाळ निवडत होत्या. "सलाम, आजी." "सलाम, बाळा. बस." मान माझ्याकडे वळली, नजर मात्र भलतीकडेच होती. त्यांना दिसत नव्हतं. बोटांची टोकं डाळीवरून फिरत, मधेच थांबत, अंगठा खडा बाजूला सारी. ओठांत गाणं, ओवीच्या चालीवर. गाता गाता त्या म्हणाल्या, "बापा, स्वैपाकातल्या ताईचा गुडघा बघ रे," आणि पुढच्या ओळीला लागल्या. आधी मला वाटलं, माझ्याशीच बोलतायत.

मीही मूठभर डाळ पुढ्यात ओढली. निवडून झाल्यावर त्यांनी माझ्या ढिगावरून हात फिरवला आणि एक खडा माझ्या तळव्यावर ठेवला. "हा राहिला बघ."

रमाबाईंना अशाच बायकांसाठी बायबल सोप्या मराठीत आणायचं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इथल्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या. पूर्ण बायबल 1924ला बाहेर आलं.

"घरी कोण असतं?" आजींनी विचारलं. मी म्हणालो, आई. तिला रात्री दम लागतो.

त्यांनी हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. बोटं डाळीतच होती. "बापा, याच्या आईला आज झोप लागू दे." मग थोडं थांबून मला म्हणाल्या, "आमेन म्हण की."

मी म्हणालो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.