पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये खरंच गेली का?

पीयूसी (गाडीच्या धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) केंद्रावर गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो निघतो, पैसे दिले जातात, कागद हातात पडतो. या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच: मशीनची नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत गेली का? ती गेली नसेल, तर कागदावरच्या आकड्यांचा तुमच्या इंजिनाशी काही संबंध नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी नळी नुसती टेकवली, तर बाहेरची हवा धुरात मिसळते आणि बिघडलेली गाडीही पास होते. सायलेन्सर आखूड असेल, तर त्याला जोडनळी लावून मोजायचं असतं.

आधी नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ याचा पाया आहे. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचं सरकारी मानक) गाड्यांचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. मुंबई, पुणे आणि सोलापूरला बीएस-४ चारचाकी २०१० पासून आल्या, सगळीकडे सक्तीने २०१७ पासून. त्यामुळे गाडीच्या वर्षावरून अंदाज बांधू नका, आरसीवर मानक बघा. महाराष्ट्रात २०२२ च्या दरवाढीत दुचाकीला ५० रुपये, पेट्रोल आणि सीएनजी चारचाकीला १२५ आणि डिझेलला १५० असे दर ठरले.

पीयूसी नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन तीन महिने रद्द. विमा नूतनीकरणासाठी पीयूसी हवीच, ही २०१७ ची अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये काढली. पण सुटली ती फक्त विम्याची अट, पीयूसी नाही. वैध कागद असूनही गाडी धूर ओकताना दिसली, तर अधिकारी ती पुन्हा तपासायला लावू शकतो.

पेट्रोल गाडीची चाचणी गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतं चालू ठेवून होते. बीएस-४ कारला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २०० भाग, ही मर्यादा. मग २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ असावा लागतो. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएमपर्यंत सूट आहे, तर बीएस-६ दुचाकीला ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम. इतका फरक आहे, म्हणून ऑपरेटरने मशीनमध्ये चुकीचं मानक निवडलं तर सगळा निकालच फिरतो. प्रिंटवर हेही तपासा.

आता गाडी नापास का होते? बऱ्याचदा इंजिन थंड असतं म्हणून. सायलेन्सरच्या पाइपमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे तापल्यावरच काम करतो. घरापासून दोन गल्ल्यांवरच्या केंद्रावर सकाळी गेलात, तर धडधाकट गाडीही हायड्रोकार्बन जास्त दाखवेल. दहा-पंधरा मिनिटं चालवून जा. रांगेत पंधरा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर कन्व्हर्टर पुन्हा निवतो. म्हणून नंबर येईपर्यंत गाडी बंद ठेवा, आणि नळी घालण्याआधी अर्धा मिनिट अडीच हजारावर रेस द्या.

तरीही नापास झाली तर आकडे वाचायला शिका, मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड ठीक असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे गाडी मिसिंग मारतेय. प्लग, त्याचा गॅप, प्लग केबल किंवा इग्निशन कॉइल बघायला सांगा. उलट कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे: तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, गळका इंजेक्टर किंवा मंदावलेला ऑक्सिजन सेन्सर. दोन्ही कमी, पण लॅम्बडा आणि ऑक्सिजन वर असतील, तर सायलेन्सरच्या जोडावर किंवा गंजलेल्या पाइपला भोक आहे. आणखी एक खूण: पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळून साधारण १५ टक्के भरायला हवेत. सहा-सातच भरत असतील, तर मशीन हवा मोजतंय, धूर नाही.

कार्बोरेटरच्या दुचाकीला मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून, मशीनवर आकडा बघत सेट करावं. चाचणीपुरतं मिश्रण अगदी सुकं, म्हणजे कमी पेट्रोलचं, करून द्यायची पद्धत वाईट आहे. गाडी तापते, पिकअप जातो, आणि आठवड्याभरात माणूस स्क्रू पुन्हा उलटा फिरवतो. एअर फिल्टरबाबतही सांभाळा. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ होतो, पण आजकाल बऱ्याच दुचाकींना तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर असतो. त्याला हवा मारायची नाही, धुवायचा नाही, मुदत झाली की बदलायचा.

डिझेलचं वेगळं. तिथे न्यूट्रलमध्ये पेडल झटकन पूर्ण दाबतात आणि धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-४ च्या आधी ६५ हार्ट्रिज (काळेपणाचं एकक), बीएस-४ ला ५० ही मर्यादा. इंजिन ऑइल किमान ६० अंश गरम हवं. टायमिंग बेल्टची मुदत संपली असेल, तर अशी फुल रेस देण्याआधी बेल्ट बदला. तो त्या क्षणी तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. काळ्या धुराला इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि टर्बोचा चिरलेला होज, ही तीन कारणं आधी बघा. बीएस-६ डिझेलमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रोजच्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर सलग चालवा. डीपीएफ कापून काढून देणारी गॅरेजं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. कंपनीने बसवलेलं प्रदूषण नियंत्रण काढणं हा बेकायदा फेरफार आहे.

नापास झालात तर कारण लिहिलेली रिजेक्शन स्लिप मागून घ्या. २०२१ च्या अधिसूचनेपासून ती देणं नियमात आहे, आणि ती दाखवून कोणत्याही गॅरेजात काम करून घेता येतं.

पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत, बारीक कणही नाहीत. त्यामुळे पास गाडी म्हणजे स्वच्छ गाडी, असं समजणं चूक आहे. आणि उभ्या गाडीचं इंजिन किती वेळ चालू ठेवावं, यावर आपल्याकडे मिनिटांची मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ फक्त एवढं म्हणतं की सीटवर लायसनधारक नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असावा. न्यूयॉर्क शहरात तीन मिनिटांची मर्यादा आहे आणि शाळेजवळ एका मिनिटाची. आपल्याकडे शाळा सुटताना फाटकाबाहेर व्हॅन आणि कार एसी लावून उभ्या असतात, आणि त्यांच्या सायलेन्सरची उंची पहिलीतल्या मुलाच्या गुडघ्याच्या आसपास असते. निदान शाळांपुरता असा नियम महापालिकांनी लगेच करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर हे हिशेब लक्षात ठेवा. छोटी पेट्रोल कार उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करणं स्वस्त पडतं. सकाळी पाच मिनिटं गाडी तापवणं इंजेक्शनच्या गाडीला लागत नाही. अर्धा मिनिट पुरे, मग हळू चालवत तापू द्या. एकच अपवाद: घाट चढून किंवा हायवेवरून दामटून आलेल्या टर्बो गाडीचं इंजिन बंद करण्याआधी अर्धा ते एक मिनिट चालू ठेवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळत नाही.