उचल, कोयता आणि अर्धी राहिलेली दाढ

दसरा जवळ आला की आमच्या दवाखान्यातलं बाकडं सकाळी उघडायच्या आधीच भरतं. मी बीड जिल्ह्यातल्या केजला एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. नंबर लावणं, अवजारं वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला टाकणं, सक्शनची नळी धरणं आणि पेशंटला पुन्हा कधी यायचं ते वहीत लिहून देणं, ही माझी कामं. डॉक्टर मॅडम खुर्चीच्या उजव्या बाजूला बसतात, मी डाव्या. तेव्हा पुढचं सगळं डाव्या बाजूने बघितलेलं आहे, असं धरून चाला.

ही गर्दी ऊसतोडीला निघालेल्या लोकांची. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, हातात आलेली असते, वर्षभर अंगावर काढलेली दाढ तेव्हा आठवते, आणि टोळीची गाडी दोन-चार दिवसांत निघणार असते. खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, उपटूनच टाका. सोमवारी जायलोत."

लोक अडाणी आहेत म्हणून दात उपटतात, असं मोठ्या शहरातले म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांचा हिशोब सरळ असतो. दाढ काढणं एका खेपेत आणि काही शेकड्यांत उरकतं. रूट कॅनल आणि वर कॅप म्हटलं की बऱ्याचदा दोन-तीन खेपा आणि काही हजार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक जरी दवाखान्यात बसला तरी खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापले जातात. दातापेक्षा खाडा जास्त दुखतो.

खरी अडचण उपटणाऱ्यांची नाहीच. अर्ध्यात सोडणाऱ्यांची आहे. माझ्या वहीत पुढची तारीख लिहिलेली आणि समोर 'आले नाहीत' अशी नोंद सगळ्यात जास्त कशाची असेल, तर रूट कॅनलची. विचारलं तर उत्तर एकच: "ताई, दुखतच नाही तर कामून यायचं?"

त्या पहिल्या खेपेला नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे 'कामून' ते कळेल. दाढेच्या आत नस असते, रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की रात्री ठणका लागतो, आडवं झालं की जास्त. मॅडम भूल देतात, दाढेला वरून छिद्र पाडतात आणि आतली सडलेली नस काढतात. ठणका थांबतो, कारण कळ सांगणारी नसच आता राहिली नाही. घाण मात्र मुळांत तशीच असते. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळं असली तरी आत नळ्या बहुधा तीन निघतात, आणि वरच्या दाढेत चौथी नळी लपलेली असते ती शोधायला मॅडमना कधी कधी घाम फुटतो.

मग फाइली येतात. केसासारख्या बारीक सुया, मुठीला रंग. पांढरी पंधरा नंबर, पिवळी वीस, लाल पंचवीस, निळी तीस. पंधरा नंबर म्हणजे टोकाशी ०.१५ मिलिमीटर. नळी किती खोल आहे ते एक छोटं मशीन बीप करून सांगतं, मॅडम फाइलवरचं इवलंसं रबर तिथवर सरकवतात आणि मी पट्टीवर मोजून मिलिमीटर लिहून ठेवते. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालेला त्यांना चालत नाही. मधे मधे सोडियम हायपोक्लोराइटने नळ्या धुतात. कपड्याच्या ब्लीचसारखा वास येतो. नळ्या पूर्ण साफ झाल्या की त्यात गटापर्चा नावाचा गुलाबी डिंकासारखा पदार्थ ठासून भरतात. तो एका झाडाच्या चिकापासून करतात. हे सगळं झाल्यावर रूट कॅनल 'झालं' म्हणायचं.

नस अजून जिवंत असेल आणि सूज-पू नसेल, तर हे सगळं एका बैठकीत होऊ शकतं. पू धरला असेल तर नळ्यांत औषध ठेवून थांबावं लागतं आणि वरून कच्चं सिमेंट लावतात. ते काही आठवड्यांपुरतंच असतं. भाकरी चावता चावता ते झिजतं, फटीतून लाळ आणि जंतू पुन्हा आत शिरतात. दाढ गप्प असते, पण मुळाच्या टोकाशी हाडात पू साठत जातो. तोवर माणूस कारखान्याच्या फडात, पालावर. मग फाल्गुनात-चैत्रात परत येतात ते गाल सुजवून, नाहीतर दाढ उभी चिरलेली घेऊन. उभी चिरलेली दाढ बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणजे पैसे रूट कॅनलचे गेले आणि दाढही उपटावी लागली.

कॅपचंही तसंच. "कॅपचं बघू पुढच्या हंगामाला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा शिक्का करून घ्यावा वाटतो. किडीने आणि छिद्राने दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. कडक भाकरी, भाजलेले हरभरे, सुपारी, यांचा सगळा जोर मागच्या दाढांवर येतो. कॅप दिखाव्यासाठी नसते. ती भिंतींना बाहेरून आवळून धरते. धातूची घ्या, झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) घ्या, परवडेल ती घ्या, पण घ्या.

उपटल्यानंतर काय, तेही सांगायला हवं. "एक गेली तर काय, बाकीच्या हायेत की." बाकीच्या गप्प बसत नाहीत. शेजारची दाढ मोकळ्या जागेत कलते, समोरची खाली उतरते, आणि दोन-चार वर्षांत चावताना दात दातावर नीट बसत नाही. मग ब्रिज बसवायचा तर बाजूचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात. तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात, आणि खर्च आमच्या भागातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. राहते काढता-घालता येणारी कवळी. तिचा राग करू नका. आमच्याकडे एक आजी कवळी लावून मक्याचं कणीस खातात, फक्त रात्री काढून पाण्यात ठेवा म्हटलं की ऐकत नाहीत.

बाजारात दाढेची कीड काढून देणारे बसतात, ते हल्ली कमी झालेत पण संपले नाहीत. रिंगणीच्या बियांचा धूर देतात आणि पाण्याच्या वाटीत पांढऱ्या अळ्या दाखवतात. त्या अळ्या म्हणजे त्याच बियांमधले वळलेले अंकुर. दाढेत अळी नसतेच. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळतं. दिवसात सात वेळा गोड चहा घेणाऱ्याच्या तोंडात ते आम्ल कधी उतरतच नाही. चहा बंद करा असं मी कुणालाच म्हणत नाही. फडात चहाशिवाय दिवस कसा निघणार? एकदाच पोटभर घ्या, घोट घोट करून तासभर पुरवू नका, एवढंच म्हणते.

कीड वरच्या वर असताना आला तर काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. कीड कोरायची आणि सिमेंट भरायचं, नाहीतर निळ्या लाइटने घट्ट होणारं दाताच्या रंगाचं फिलिंग. काळा ठिपका दिसतोय पण दुखत नाही, ती वेळ खरी. पण दुखत नसताना दवाखान्यात येणारा माणूस आमच्याकडे बाजार समितीत हमीभावापेक्षा जास्त दर मिळण्याइतका दुर्मिळ.

बायकांचं दुखणं जास्त हिरड्यांचं. मिसरी. भाजलेला तंबाखूच तो, पण "मी तंबाखू खात नाही, नुस्ती मिसरी लावते" असं सांगतात. हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि दातामागे किटण दगडासारखं बसतं. ते मशीनने काढलं की "साफ केल्यापासून दात हलायलेत" अशी तक्रार येते. दात आधीच हललेले असतात, किटणाने ते धरून ठेवलेले असतात. मशीन कंपनाने किटण फोडतं, दात घासत नाही. साखरेचा आजार असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्या; हिरड्या बिघडल्या की साखर वाढते, साखर वाढली की हिरड्या बिघडतात.

पोरांबद्दल एकच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आई-बापाला वाटतं दुधाचीच असेल, पडेल. ती पडणार नसते, जन्मभराची असते. पालावर गेलेल्या पोरांच्या याच दाढा सगळ्यात आधी किडलेल्या बघते. फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी, रात्री झोपायच्या आधी, आणि नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

आता मॅडमनी दिवाळीच्या आधीसाठी वेगळी रीत लावली आहे. गाडी कधी निघणार ते आधी विचारतात. एका बैठकीत होण्यासारखं असेल तरच रूट कॅनल पूर्ण करून टाकतात. नसेल, तर मी चिठ्ठी लिहून देते: दाढ नंबर ४६ (खालची उजवी पहिली), नस काढली, नळ्या तीन, प्रत्येकीची लांबी, आत कोणतं औषध ठेवलं ते आणि त्याची तारीख. एक्स-रेचा फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून देते. कारखान्याच्या गावात कुठलाही दातांचा डॉक्टर ही चिठ्ठी वाचून पुढचं काम करू शकतो. गेल्या हंगामात काही जणांनी तिकडेच पूर्ण करून घेतलं. एकाने तर केलेल्या कॅपचा फोटो पाठवला, तोंड इतकं वासून की कॅपऐवजी पडजीभच दिसत होती.

चिठ्ठीच्या खाली मी लाल पेनने एक ओळ जास्तीची लिहिते: खालचा जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर खाड्याचा विचार न करता त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा.