फोन घराला यायचा

गोव्यात वाळपईजवळच्या आमच्या मूळ घरात फोन कधीच नव्हता, परंतु फोन नंबर मात्र होता. तो शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाचा होता आणि मुंबई-बेळगावच्या नातलगांच्या डायऱ्यांत आमच्या नावापुढे ‘पी. पी.’ (म्हणजे शेजाऱ्यांकडून बोलावून घ्यायचा नंबर) ही दोन अक्षरे जोडून तो लिहिलेला असे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवशी त्या घरातील बाय अंगणाच्या टोकाशी येऊन ‘तुमचो मुंबयचो फोन आयला!’ अशी हाक मारी आणि आजोबा खांद्यावरचे उपरणे सावरत, हातातले काम तसेच टाकून, कुंपणाच्या फटीतून पलीकडे जात. आम्ही मुले त्यांच्या मागोमाग. आजोबा पोहोचेपर्यंत काकांनी फोन ठेवलेला असे आणि दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजे. त्या दहा मिनिटांत नेवऱ्या (करंज्या), पाऊस आणि काकांच्या मुलांचे शिक्षण या सर्व विषयांवर बोलणे होऊन जाई.

त्याआधी ट्रंक कॉलचा काळ होता. एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचा, तासन्‌तास वाट पाहायची आणि जोडणी मिळाली की तीन मिनिटांच्या हिशेबाने बोलायचे, असा तो प्रकार वडिलांकडून ऐकलेला आहे. मला आठवतो तो एस.टी.डी.चा काळ. रात्री अकरानंतर पाव दर लागत असे आणि बूथबाहेर त्या वेळी रांग लागे. आत काचेच्या खोक्यात बोलणाऱ्याची नजर समोरच्या माणसावर असावी तशी भिंतीवरच्या बिलाच्या लाल आकड्यांवर खिळलेली असे. परंतु दुसऱ्याच्या घरी रात्री अकरा वाजता फोन करणार कसा? त्यामुळे पी. पी. नंबरवर बोलणाऱ्या काकांना भर दुपारी पूर्ण दर मोजावा लागे. हा शेजाऱ्यांच्या झोपेचा मान होता आणि त्याची किंमत काकांच्या खिशातून जाई, हे मला फार उशिरा कळले.

या व्यवस्थेत शुभेच्छा एका माणसाला मिळत नसत. फोन प्रथम उचलणाऱ्या बायलाच काका आधी चवथीची परबी, म्हणजे सणाच्या शुभेच्छा देत, तिच्या दुबईतल्या मुलाची चौकशी करीत आणि मग आमच्याकडे वळत. पुढे फोंड्याला आमच्याकडे स्वतःचा फोन आला, भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला; तेव्हाही तो घराचाच होता. कोणीही उचलला तरी वयाच्या क्रमाने रिसीव्हर हातोहाती फिरे आणि ज्याच्याशी अबोला असे त्यालाही ‘हं, बरे आहे’ एवढे तरी म्हणावेच लागे. भांडणे मिटण्यास ही सक्ती पुष्कळ उपयोगी पडली असावी.

मोबाईलने प्रथम घराला बाजूला केले. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे शुभेच्छा देणारा समोरच्याच्याच खिशाला कात्री लावी; २००३ मध्ये ते थांबले. तोवर एसएमएस रुळला होता. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला आणि त्यात नाताळच्या शुभेच्छाच होत्या. ज्याला तो मिळाला त्याच्या फोनमध्ये उत्तर पाठवण्याची सोयच नव्हती, हा भाग मला विशेष बोलका वाटतो. आपल्याकडे गंमत निराळी झाली. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत केवळ ७०, आणि अनेक हँडसेटवर देवनागरी दिसतही नसे. त्यामुळे देवनागरीवाचून शुभेच्छा कशा, असे मानणारे आम्ही सगळे ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ रोमनमध्ये टंकू लागलो. शेजारच्या बायला मात्र त्यात काहीच नवे नव्हते. चर्चमधली कोकणी ती लहानपणापासून रोमन लिपीतच वाचत आली होती. कोकणी देवनागरीत लिहावी की रोमन लिपीत या वादावर सभा गाजवणारे माझे एक मामा त्या वर्षी निमूटपणे ‘Shubhechha’ची स्पेलिंगे शिकत बसले होते. शिवाय ऐन सणाच्या दिवशी मोबाईल कंपन्यांचे स्वस्त एसएमएसचे पॅक चालत नसत आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण पैसे पडत. म्हणून कित्येकांच्या शुभेच्छा आदल्या संध्याकाळीच येऊन पडत.

आता कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट आहे. सकाळी कोणीतरी गणपतीचे चित्र टाकतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मला हे कोरडे वाटते, परंतु माझ्या आत्याला तसे वाटत नाही. ती संध्याकाळी चष्मा लावून कोणाचे हात आले नाहीत ते पाहते आणि त्यांना स्वतः फोन करते. ‘हजेरी घेते’ असे ती म्हणते. त्यामुळे या गटाला नावे ठेवताना मी जरा जपून असतो. माझी तक्रार एवढीच आहे की, या गटात शेजारीण नाही. तिच्या नंबरवरून आमच्या घराची ओळख होती. आज आमच्यापैकी कितीजणांकडे तिच्या घरचा नंबर आहे, हे मी गेल्या चवथीला विचारून पाहिले. एकाकडेही नव्हता.

त्याच दिवसाची ही हकिकत. मूळ घराच्या जाड मातीच्या भिंतींत रेंज मिळत नाही. ती मिळते शेजारच्यांच्या बाल्कांवमध्ये, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, उजव्या हाताच्या सोप्यावर (बांधीव बाकावर) बसल्यास. मुंबईहून काकांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल येणार होता, म्हणून गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखालून उठून आम्ही सातआठजण त्याच जुन्या फटीतून पलीकडे गेलो. कुंपण आता तारेचे आहे, फट मात्र कोणी बुजवलेली नाही. कॉल लागला. बाय आता हयात नाही. तिची सून चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिसली. चुलतभावाने आम्हाला मध्येच थांबवले, ‘जरा फोन तिकडे फिरव’ म्हणाला आणि आधी तिला चवथीची परबी दिली.